लेनिन : क्रांतीनंतरची कसोटी

व्होल्गा नदीकाठच्या सिंबिर्स्क या गावी २२ एप्रिल १८७० रोजी व्लादिमिर उल्यानोव्हचा जन्म झाला. 'लेनिन' या टोपणनावाने तो पुढे जगाला परिचित झाला. तो सतरा वर्षांचा असताना झारच्या हत्येच्या कटात सामील झाल्याबद्दल त्याच्या थोरल्या भावाला फाशी देण्यात आले. पुढे लेनिन मार्क्सच्या विचारांकडे वळला. सायबेरियातील हद्दपारी व परदेशातील दीर्घ वास्तव्य त्याच्या वाट्याला आले. १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या शिक्षेविरुद्ध मुंबईच्या गिरणी कामगारांनी केलेल्या संपाची दखलही त्याने आपल्या लेखनात घेतली होती.

महायुद्ध व अन्नटंचाई यांनी रशियन जनता गांजली होती. मार्च १९१७ मध्ये झार दुसरा निकोलस याला सिंहासन सोडावे लागले. त्यानंतर आलेल्या हंगामी सरकारने मात्र युद्ध चालूच ठेवले. एप्रिलमध्ये मायदेशी परतलेल्या लेनिनने शांतता, जमीन व भाकरी यांचे आश्वासन दिले. ७ नोव्हेंबर रोजी त्याच्या बोल्शेविक पक्षाने पेट्रोग्राड येथे सत्ता हस्तगत केली.

सत्ता मिळवण्यापेक्षा ती टिकवणे अधिक कठीण होते. लेनिनच्या सरकारने प्रारंभीच जमीनदारांचा जमिनीवरील हक्क रद्द केला. डिसेंबरमध्ये विरोधकांच्या बंदोबस्तासाठी 'चेका' हे पोलीस दल उभारले गेले. संविधान सभेच्या निवडणुकीत बोल्शेविकांना सुमारे एक चतुर्थांशच मते मिळाली. जानेवारी १९१८ मध्ये भरलेली ती सभा लेनिनने एका बैठकीनंतर बरखास्त केली. मार्चमध्ये विस्तीर्ण प्रदेश गमावून त्याने जर्मनीशी तह केला.

लवकरच यादवी युद्ध भडकले. ट्रॉट्स्कीच्या नेतृत्वाखालील लाल सेनेने ते जिंकले. परंतु सेना व शहरे पोसण्यासाठी शेतकऱ्यांचे धान्य सक्तीने नेण्यात आले. मार्च १९२१ मध्ये क्रोनस्टाटच्या नाविकांनी बंड केले. १९१७ मध्ये हेच नाविक क्रांतीचे आधारस्तंभ होते. बंड चिरडले गेले, पण लेनिनने त्यातून बोध घेतला. धान्याच्या सक्तीऐवजी कर बसवून उरलेले धान्य विकण्याची मुभा शेतकऱ्यांना देण्यात आली. त्याच वेळी पक्षांतर्गत गटांवर मात्र बंदी आली. बाजार काहीसा मोकळा झाला, राजकारण अधिकच आवळले गेले.

१९२२ साली लेनिनला पक्षाघाताने गाठले. स्टालिनच्या हाती एकवटलेल्या सत्तेची त्याला चिंता वाटू लागली होती. २१ जानेवारी १९२४ रोजी त्याचे निधन झाले. क्रांतीच्या रक्षणासाठी त्याने उभारलेली अनिर्बंध सत्ता स्टालिनच्या हाती गेली आणि तिची झळ पुढे असंख्य रशियनांना सोसावी लागली.