कर्करोग-संशोधिका डॉ. कमल रणदिवे

पुण्याच्या समर्थ कुटुंबात १९१७ साली जन्मलेल्या कमलाबाईंनी डॉक्टर व्हावे, ही वडिलांची इच्छा. त्यांनी मात्र जीवशास्त्राची वाट धरली. मुंबईत डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली पीएच.डी. मिळवून त्या बाल्टिमोरला गेल्या आणि शरीरातील पेशी काचपात्रात वाढविण्याची, म्हणजे ऊतिसंवर्धनाची, विद्या शिकून स्वदेशी परतल्या. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. कर्करोगावरील औषध रोग्याला देण्यापूर्वी अशाच पेशींवर पारखले जाते. १९८२ साली त्यांना पद्मभूषण लाभले; २००१ साली त्या निवर्तल्या.

आमच्या भिलाईतूनही लेकी शिकण्यासाठी दूरदेशी जातात. त्यांना निरोप देताना आम्हांस कमलाबाईंचे जाणे आठवते, आणि त्याहून अधिक त्यांचे परतणे.