मार्कोनीचा पतंग

इटली देशातील बोलोन्या नगरात दिनांक २५ एप्रिल १८७४ रोजी गूल्येल्मो मार्कोनीचा जन्म झाला. वडील सधन जमीनदार होते. आई मूळची आयर्लंडची. हर्ट्‌झ या जर्मन शास्त्रज्ञाने सिद्ध केलेल्या विद्युत्-चुंबकीय लहरी तारेवाचून संदेश वाहून नेतील काय, या एकाच प्रश्नाने विसाव्या वर्षी मार्कोनीस पछाडले.

घराच्या माळ्यावरच त्याने आपली प्रयोगशाळा थाटली. प्रथम त्याच्या लहरी थोड्याच अंतरावर जाऊन विरत. १८९५ साली त्याने यंत्राचे एक टोक जमिनीत पुरले आणि दुसऱ्यास जोडलेली तार उंच टांगली. तार जितकी उंच, तितका संदेश दूर जाऊ लागला! हेच त्याचे एरियल. एके दिवशी त्याचा भाऊ ग्राहकयंत्र घेऊन टेकडीपलीकडे गेला. संदेश पोहोचताच त्याने बंदुकीचा बार काढला.

पुढे इंग्लंडमध्ये गेल्यावर दुसरी अडचण उभी राहिली. अनेक केंद्रे एकदम बोलू लागली, की संदेशांची सरमिसळ होई. दोन तंबोरे एका सुरात लावले असता एकाची तार छेडताच दुसऱ्याची तार आपोआप झंकारते. त्याचप्रमाणे प्रेषक आणि ग्राहक यांचे एरियल व वेटोळी एकमेकांशी जुळविली, तर ग्राहक आपलाच संदेश तेवढा उचलतो. ही कल्पना एकट्या मार्कोनीची नव्हे. ऑलिव्हर लॉज याने ती आधीच मांडली होती. मात्र तिला व्यवहारात उतरविण्यासाठी मार्कोनीने अपार कष्ट घेतले व १९०० साली त्या रचनेचे पेटंट मिळविले.

आता त्याने अटलांटिक महासागर ओलांडण्याचे ठरविले. लहरी सरळ रेषेत जातात, तेव्हा पृथ्वीच्या गोलाईमुळे त्या आकाशात निघून जातील, असे विद्वानांचे मत होते. इंग्लंडच्या किनाऱ्यावर पोल्धू येथे वीस उंच खांबांचे वर्तुळाकार एरियल उभारले गेले. पण सप्टेंबर १९०१ मधील वादळाने ते पार कोसळले. अमेरिकेच्या किनाऱ्यावरील एरियलचीही तीच गत झाली. मार्कोनीने पोल्धूस दोन खांबांवर पंख्यासारख्या तारा ताणल्या, आणि स्वतः दोन साहाय्यकांसह न्यूफाउंडलंड गाठले. खांब उभारण्यास वेळ कोठला? त्याने पतंगालाच तार बांधली!

सिग्नल हिल या टेकडीवर सोसाट्याचा वारा होता. एक फुगा व एक पतंग वाऱ्याने हिरावून नेला. दुसरा पतंग सुमारे १५० मीटर तार घेऊन वर चढला. परंतु तो सारखा खालीवर हेलकावत असल्याने एरियलची जुळणी क्षणोक्षणी बिघडे. जन्मभर ज्या जुळणीचा ध्यास घेतला, ती बाजूस ठेवून त्याला साध्या, न जुळविलेल्या ग्राहकावरच भिस्त ठेवावी लागली. १२ डिसेंबर १९०१ रोजी दुपारी श्रवणयंत्र कानाला लावून बसलेल्या मार्कोनीस तीन क्षीण टिचक्या ऐकू आल्या. मोर्सच्या लिपीत ते 'एस' अक्षर होते. साहाय्यक केंप यानेही ते ऐकले.

परंतु कानाने ऐकलेल्याचा पुरावा काय? आकाशातील विजेचा खरखराट त्यास भासला असेल, असे कित्येकांनी म्हटले. ती शंका आजही पुरती मिटलेली नाही. मार्कोनीने वाद घालीत न बसता फेब्रुवारी १९०२ मध्ये 'फिलाडेल्फिया' जहाजाच्या डोलकाठीला एरियल पक्के बांधले, नीट जुळविलेला ग्राहक घेतला आणि संदेश कागदी फितीवर उमटविले. रात्री सुमारे २,५०० किलोमीटरपर्यंत पूर्ण संदेश आणि त्याहूनही दूरवर 'एस' अक्षर मिळाले. दिवसा मात्र हा पल्ला बराच कमी पडे. उच्च वातावरणातील विद्युत्-वाहक थर या लहरींना परतवितो, हे त्याचे कारण पुढे उलगडले.

१९०९ साली ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञासमवेत त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या आखूड लहरींच्या पद्धतीने १९२७ साली हिंदुस्थान इंग्लंडशी जोडला गेला. त्यासाठी पुण्याजवळ खडकी येथून संदेश धाडीत व दौंड येथे ते घेत. २० जुलै १९३७ रोजी रोम येथे मार्कोनीचे निधन झाले. त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी इंग्लंडमधील बिनतारी केंद्रे दोन मिनिटे स्तब्ध राहिली.