जेम्स प्रेस्कॉट जूल

जेम्स प्रेस्कॉट जूल (२४ डिसेंबर, १८१८ : सॅलफर्ड, लँकेशायर, इंग्लंड – ११ ऑक्टोबर, १८८९ : सेल, चेशायर, इंग्लंड) हे इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ व बीअर-उत्पादक होते. विद्युतधारेमुळे निर्माण होणाऱ्या उष्णतेचा नियम आणि उष्णतेचा यांत्रिक तुल्यांक ही त्यांची प्रमुख संशोधने आहेत. ऊर्जा अक्षय्यतेच्या नियमाला प्रायोगिक पाया मिळवून देणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. ऊर्जेच्या आंतरराष्ट्रीय एककास त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांनी कोणत्याही विद्यापीठाची पदवी घेतली नव्हती व प्राध्यापकपदही भूषवले नव्हते.

बालपण आणि शिक्षण

जूल यांचे वडील बेंजामिन हे सॅलफर्डमधील श्रीमंत बीअर-उत्पादक होते. लहानपणी पाठीच्या कण्याच्या विकारामुळे जूल यांची प्रकृती नाजूक असे व त्यांचे सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले. १८३४ मध्ये त्यांना व त्यांच्या थोरल्या भावाला मँचेस्टर येथे जॉन डाल्टन यांच्याकडे शिकण्यास पाठवण्यात आले. अणुसिद्धान्ताचे जनक असलेल्या डाल्टन यांनी त्यांना अंकगणित व भूमिती शिकवली. १८३७ मध्ये डाल्टन यांना पक्षाघाताचा झटका आल्याने हे शिक्षण थांबले.

मद्यनिर्मितीचा व्यवसाय

तरुणपणीच जूल कौटुंबिक कारखान्याच्या कामात सहभागी झाले. १८५४ मध्ये कारखाना विकला जाईपर्यंत त्यांचा या व्यवसायाशी संबंध होता. बीअर तयार करताना मोड आणून वाळवलेले जव भरडून गरम पाण्यात भिजवतात. या वेळी धान्यातील विकरे पिठूळ पदार्थाचे साखरेत रूपांतर करतात. मिश्रणाचे तापमान साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअस असावे लागते. ते फार वाढल्यास विकरे नष्ट होतात आणि फार उतरल्यास पिठाचे रूपांतर नीट होत नाही. पुढे गाळलेला रस उकळून थंड करतात व त्यात यीस्ट मिसळतात. किण्वन होताना स्वतः उष्णता निर्माण होत असल्याने तेव्हाही तापमानावर लक्ष ठेवावे लागते. तापमापीवर विसंबून काम करण्याची ही सवय जूल यांच्या प्रयोगांना उपयोगी पडली, असे विज्ञानाच्या काही इतिहासकारांचे मत आहे.

विद्युतविषयक संशोधन

वाफेच्या यंत्राऐवजी विद्युत चलित्र वापरता येईल काय, या प्रश्नातून जूल यांचे संशोधन सुरू झाले. १८३८ मध्ये त्यांचा पहिला लेख प्रसिद्ध झाला. मात्र विद्युतघटात खर्ची पडणाऱ्या एक पौंड जस्तापेक्षा वाफेच्या यंत्रातील एक पौंड कोळसा सुमारे पाचपट काम करतो, असे त्यांना आढळले. चलित्राची आशा मावळली, तरी काम आणि उष्णता यांचा हिशेब मांडण्याची पद्धत त्यांच्या हाती आली.

१८४० च्या सुमारास त्यांनी तारेचे कुंतल पाण्यात बुडवून त्यातून विद्युतधारा सोडली व पाण्याचे तापमान किती वाढते ते मोजले. ठरावीक वेळात निर्माण होणारी उष्णता ही विद्युतधारेच्या वर्गाच्या आणि तारेच्या रोधाच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, हा नियम त्यांना मिळाला. धारा दुप्पट केल्यास उष्णता चौपट होते. रॉयल सोसायटीने या संशोधनाचा केवळ सारांश छापला. संपूर्ण लेख १८४१ मध्ये 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये आला.

उष्णतेचा यांत्रिक तुल्यांक

उष्णता हा 'कॅलरिक' नावाचा अविनाशी द्रव आहे, अशी त्या काळी अनेक विद्वानांची धारणा होती. ठरावीक काम केले की ठरावीक उष्णता निर्माण होते, असे जूल यांनी १८४३ मध्ये कॉर्क येथे ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत मांडले. श्रोत्यांचा प्रतिसाद थंड होता. हवेच्या संपीडनावरील त्यांचा लेख १८४४ मध्ये रॉयल सोसायटीने नाकारला.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग वल्ह्याच्या चाकाचा आहे. दोरीला बांधलेली वजने खाली येताना पाण्याच्या भांड्यातील चाक फिरवीत आणि घर्षणाने पाणी किंचित तापे. ही वाढ फॅरनहाइट अंशाच्या लहानशा भागाएवढीच असल्याने अनेकांचा तिच्यावर विश्वास बसेना. मँचेस्टरचे उपकरणनिर्माते जॉन बेंजामिन डान्सर यांनी बनवलेल्या तापमापींवर आपण अंशाचा दोनशेवा भाग वाचू शकतो, असा जूल यांचा दावा होता.

१८४७ मध्ये ऑक्सफर्ड येथील सभेत त्यांना थोडक्यात आटोपण्यास सांगण्यात आले होते. परंतु विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) या तरुण प्राध्यापकाने चर्चेत रस घेतला आणि विषयाकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. १८४९ मध्ये मायकेल फॅरडे यांच्यामार्फत जूल यांचा सविस्तर लेख रॉयल सोसायटीपुढे ठेवण्यात आला. एक पौंड पाण्याचे तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढवण्यास ७७२ फूट-पौंड काम लागते, असे त्यात दाखवले होते. आजचे मूल्य सुमारे ७७८ आहे. १८५० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्यांना १८५२ मध्ये रॉयल पदक व १८७० मध्ये कॉप्ली पदक मिळाले. जर्मन वैद्य युलिउस रॉबर्ट मायर यांनीही १८४२ मध्ये असाच विचार मांडला होता. त्यामुळे या शोधाच्या अग्रक्रमाविषयी पुढे वाद झाला.

थॉमसन यांच्यासमवेत त्यांनी १८५२ पासून वायूंच्या प्रसरणाचा अभ्यास केला. सच्छिद्र अडथळ्यातून कमी दाबाकडे जाताना बहुतेक वायू थंड होतात, हा 'जूल-थॉमसन परिणाम' होय. बीअर कारखान्यांसाठी शीतयंत्रे बनवणारे कार्ल फॉन लिंड यांनी १८९५ मध्ये याच परिणामाच्या आधारे हवेचे द्रवीकरण केले.

वैयक्तिक जीवन व अखेर

१८४७ मध्ये जूल यांचा विवाह अमेलिया ग्राइम्स यांच्याशी झाला. १८५४ मध्ये पत्नीचे निधन झाले. त्यांच्या मागे एक मुलगा व एक मुलगी होती. संशोधनाचा बराच खर्च जूल स्वतः करीत. १८७० च्या दशकात त्यांची आर्थिक स्थिती खालावली व १८७८ मध्ये सरकारने त्यांना वार्षिक २०० पौंडांचे निवृत्तिवेतन मंजूर केले. दीर्घ आजारानंतर सेल येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या समाधिशिळेवर ७७२.५५ हा त्यांनी १८७८ मध्ये काढलेला आकडा कोरलेला आहे. मृत्यूच्या काही आठवडे आधीच पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने 'जूल' हे एकक स्वीकारले होते.

नियमाचे उपयोग

विजेची शेगडी, इस्त्री, गिझर व वितळतार ही उपकरणे जूलच्या नियमावर चालतात. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात 'विद्युतधारेचे परिणाम' या प्रकरणात हा नियम शिकवला जातो. अनेक देशांत हौशी लोक घरी बीअर बनवताना विजेवर तापणारी भांडी वापरतात. त्यांतील संवेदक तापमान मोजतो आणि नियंत्रक त्यानुसार वीज चालू-बंद करतो. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय मद्य तयार करणे दारूबंदी कायद्यान्वये गुन्हा आहे.

२० लिटर पाणी २५ अंशांवरून ६६ अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे ३४ लाख ३० हजार जूल लागतात. उष्णतेची गळती सोडल्यास २३० व्होल्टवर २,००० वॅटचा हीटर हे काम सुमारे २९ मिनिटांत करतो. नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातील एखाद्या गावी दाब १८० व्होल्टपर्यंत उतरला, तर त्याच हीटरची शक्ती सुमारे १,२२५ वॅट होते आणि ४७ मिनिटे लागतात. दाब सुमारे २२ टक्क्यांनीच घटला तरी उष्णता जवळजवळ ३९ टक्क्यांनी घटते. कारण ती दाबाच्या वर्गावर अवलंबून असते.

पाणी उंचावरून पडले की तापते, असेही जूल यांनी म्हटले होते. नायगारा धबधब्यासाठी ही वाढ फॅरनहाइट अंशाचा पाचवा भाग येईल, असे त्यांचे गणित होते. नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर पैनगंगेवर असलेल्या सहस्रकुंड धबधब्यालाही हेच लागू पडते. दर १० मीटर उंचीमागे ही वाढ केवळ ०.०२३ अंश सेल्सिअस असल्याने ती साध्या तापमापीवर दिसत नाही.