वसईचा निर्भय सुपुत्र : संत गोन्सालो गार्सिया

आपल्या वसईत जन्मलेले गोन्सालो तरुणपणी येशूसंघीय धर्मगुरूंसोबत जपानमध्ये राहिले, तेथील भाषा शिकले. पुढे व्यापारात त्यांचा चांगला जम बसला. पण मनिला येथे सर्व सोडून ते फ्रान्सिस्कन बंधू झाले. (धर्मगुरूपदाची दीक्षा त्यांनी कधीच घेतली नाही.) १५८७ साली हिदेयोशीने मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता. तरीही १५९३ मध्ये पीटर बॅप्टिस्ट यांचे दुभाषी म्हणून ते जपानला परतले. त्यांचे खरे धैर्य आम्हांस या परतण्यातच दिसते. क्योटोत त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. तेथून ऐन हिवाळ्यात, सुमारे महिनाभर, नागासाकीपर्यंत सर्वांची धिंड काढण्यात आली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी टेकडीवर २६ क्रूस उभे राहिले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्या सर्वांना संतपद बहाल केले.