मेंदूचा नकाशा

सुमारे चारशे वर्षांपूर्वी अंबाजोगाई येथे संतकवी दासोपंतांनी एका लांबलचक पासोडीवर आपला ग्रंथ लिहिला. लेखणी धरली होती बोटांनी. पण त्या बोटांना आज्ञा देत होता मेंदू. मेंदूचा कोणता भाग हात हलवितो, याचा सविस्तर नकाशा माणसाच्या हाती आला तो मात्र विसाव्या शतकात. तो सिद्ध करणारे शल्यवैद्य म्हणजे विल्डर पेनफील्ड.

पेनफील्ड यांचा जन्म २६ जानेवारी १८९१ रोजी अमेरिकेतील स्पोकेन या गावी झाला. पुढे ते इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे शिकावयास गेले. तेथे चार्ल्स शेरिंग्टन या थोर शास्त्रज्ञांच्या सहवासात त्यांना मज्जासंस्थेच्या अभ्यासाची गोडी लागली. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, ते प्रवास करीत असलेल्या जहाजावर जर्मन पाणबुडीने हल्ला केला. त्यात ते जखमी झाले. पण सुदैवाने वाचले.

१९२८ साली ते कॅनडातील माँट्रियल शहरी आले. त्याच वर्षी त्यांची बहीण रूथ हिच्या मेंदूत गाठ असल्याचे आढळले. पेनफील्ड यांनी स्वतः तिच्यावर शस्त्रक्रिया केली. परंतु सारी गाठ काढता आली नाही आणि काही वर्षांनी रूथ मरण पावली. या दुःखाने ते खचले नाहीत. मेंदूच्या रोगांवर संशोधन व उपचार एकाच ठिकाणी व्हावेत, म्हणून त्यांनी १९३४ साली माँट्रियल येथे मोठी संस्था उभारली.

तेथे अपस्माराचे रोगी येत. मेंदूचा रोगट भाग कापून काढावा, तर शेजारचाच हात हलविणारा भाग दुखावण्याचे भय असे. सुरी किंचित चुकली, तर रोग्याचा हात जन्माचा लुळा पडावयाचा! मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत. म्हणून पेनफील्ड केवळ डोक्याची त्वचा बधिर करीत व रोग्याला जागे ठेवीत. मग मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करीत. एका जागी स्पर्श होताच बोटे हलत, दुसऱ्या जागी ओठ. त्या त्या जागी ते अंकांच्या चिठ्ठ्या ठेवीत. अशा अनेक निरीक्षणांतून नकाशा तयार झाला. नाजूक कामे करणाऱ्या बोटांना व ओठांना त्यात पाठीपेक्षा कितीतरी अधिक जागा मिळाली.

पेनफील्ड यांच्यापाशी शिकलेल्या डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ साली वेल्लोर येथे मेंदूवरील शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. ५ एप्रिल १९७६ रोजी पेनफील्ड निवर्तले. पुढच्या संशोधकांनी त्यांच्या नकाशात दुरुस्त्या केल्या. पण त्याचे मोल कमी झाले नाही. २०१२ साली एका प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध झाली. हातपाय लुळे पडलेल्या एका स्त्रीच्या मेंदूत, हात हलविणाऱ्या भागी, नखाहूनही लहान चकती बसविली होती. तिने मनात हात हलविण्याचा यत्न केला. चकतीने मेंदूचे संदेश टिपले, यंत्राने त्यांचा अर्थ लाविला आणि एका यांत्रिक हाताने पेयाची बाटली उचलून तिच्या ओठांशी नेली. जवळजवळ पंधरा वर्षांनी ती आपल्या इच्छेने पेय प्याली.

रोग्याचा हात वाचावा म्हणून रेखाटलेला नकाशा असा हात गमावलेल्यांच्याही उपयोगी पडला.