विश्वकिरणांचा वेध घेणारे डॉ. होमी भाभा

डॉ. होमी भाभा म्हटले, की अणुभट्टी आणि देशाचा अणुऊर्जा कार्यक्रम आठवतो. मात्र हा शास्त्रज्ञ मूळचा विश्वकिरणांचा अभ्यासक. या किरणांच्या शोधासाठी त्यांच्या संस्थेने आकाशात सोडलेल्या फुग्यांची परंपरा हैदराबादमार्गे थेट सोलापूरच्या शिवारापर्यंत पोहोचली आहे.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. मुलाने केंब्रिजहून अभियंता होऊन यावे आणि जमशेदपूरचा पोलाद कारखाना सांभाळावा, ही वडिलांची इच्छा. भाभांचे मन मात्र भौतिकशास्त्रात रमले. अभियांत्रिकीत प्रथम वर्ग मिळवण्याची अट त्यांनी १९३० मध्ये पूर्ण केली आणि आपल्या आवडीच्या विषयाची वाट धरली.

तो काळ विलक्षण होता. इलेक्ट्रॉनचे विरुद्ध विद्युतभाराचे भावंड असले पाहिजे, असे केंब्रिजच्या पॉल डिरॅक यांनी गणिताने दाखवले होते. १९३२ मध्ये अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना विश्वकिरणांतच ते सापडले. हा पॉझिट्रॉन म्हणजे माणसाला गवसलेला प्रतिद्रव्याचा पहिला कण. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन परस्परांवर आदळून कसे विखुरतात, याचे गणित तरुण भाभांनी मांडले. ते आजही जगभर ‘भाभा विकिरण’ म्हणून ओळखले जाते.

१९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी आणखी एक कोडे उलगडले. अवकाशातून आलेला एखादा वेगवान इलेक्ट्रॉन वातावरणात शिरला, की त्यातून प्रकाशकण, प्रकाशकणांतून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या आणि त्यातून पुन्हा प्रकाशकण असा वर्षाव सुरू होतो. याचा अर्थ स्पष्ट होता. जमिनीवरील उपकरणाला दिसतो तो केवळ वर्षाव. मूळ पाहुणा पाहायचा, तर वातावरणाच्या वर जाणे भाग होते.

१९३९ मध्ये सुटीवर मायदेशी आलेले भाभा महायुद्धामुळे येथेच राहिले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत असताना त्यांनी विमानातून मोजयंत्रे पाठवून किरणांची नोंद घेतली. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. विमानापेक्षा वर जाण्यासाठी संस्थेने फुग्यांचा मार्ग स्वीकारला. सुरुवातीला रबरी फुग्यांचे झुबके सोडले जात. पुढे संस्थेतच पातळ प्लास्टिकचे प्रचंड फुगे तयार होऊ लागले. उड्डाणांसाठी हैदराबाद निवडण्यात आले. हे शहर पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळ असल्याने कमी ऊर्जेचे भारित कण तेथे पोहोचतच नाहीत, हा मोठा लाभ.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला जाताना आल्प्समधील माँ ब्लाँ शिखरावर विमान कोसळून भाभांचे निधन झाले. फुग्यांचे काम मात्र थांबले नाही. १९७९ मध्ये परदेशात फुग्यांवरील उपकरणांनीच विश्वकिरणांतील प्रतिप्रोटॉन प्रथम टिपले. विश्वातील बहुतांश द्रव्य अदृश्य आहे. या कृष्णद्रव्याचे कण एकमेकांवर आदळून नष्ट होत असतील, तर त्यातून प्रतिकण निर्माण व्हावेत, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. त्यासाठी अंटार्क्टिकावरून फुगे सोडले गेले, कारण कमी ऊर्जेचे प्रतिकण ध्रुवांजवळच खाली उतरू शकतात. पुढे उपग्रह आणि अंतराळ स्थानकावरील उपकरणांना अपेक्षेहून अधिक पॉझिट्रॉन आढळले. पण ते कृष्णद्रव्याचे की स्पंदक ताऱ्यांचे, याचा निवाडा अजून झालेला नाही.

हैदराबादचे हायड्रोजन भरलेले फुगे ३० ते ४२ किलोमीटर उंचीवर जातात. काम आटोपल्यावर उपकरणे हवाई छत्रीने उतरतात, ती विशाखापट्टणम-हैदराबाद-सोलापूर या पट्ट्यात, हैदराबादपासून साधारण २०० ते ३५० किलोमीटरवर. म्हणूनच उड्डाणापूर्वीच्या सूचनांत सोलापूर जिल्ह्याचेही नाव असते. उपकरण न उघडता त्यावरील पत्त्यावर किंवा जवळच्या पोलिस ठाण्यात कळवावे, अशी त्यात विनंती असते. कळवणाऱ्यास बक्षीसही दिले जाते. कुतूहलापोटी पेटी फोडली गेली, तर अनेक महिन्यांच्या श्रमाने मिळवलेल्या नोंदी मातीमोल होतात. ज्वारीच्या रानात एखादी अनोळखी पेटी दिसलीच, तर ती जशीच्या तशी राखणे, हाही भाभांनी आरंभलेल्या संशोधनाला लावलेला हातभारच आहे.