डिफरन्शियलवाला घड्याळजी

वळताना बाहेरचं चाक जास्त पळतं, आतलं कमी. दोन्ही एकाच अखंड आसावर असतील तर एखादं घसरणारच. यावर ओनेसिफोर पेकर या फ्रेंच माणसाने उपाय काढला. जन्म १७९२चा, धंद्याने घड्याळजी. पुढे तो पॅरिसच्या 'आर ए मेतिए' या तंत्रसंस्थेत वर्कशॉपचा प्रमुख झाला. १८२८ साली त्याने वाफेच्या गाडीचं पेटंट घेतलं, त्यात डिफरन्शियल होतं. १८५२ला तो वारला. बेन्झची मोटार आली १८८६ला! बिचाऱ्याने ती पाहिलीच नाही.

सुट्टीत कुळगावला गेलो की मी आरसी कारचं डिफ उघडतो. जुनं तेल पुसायचं, झिजलेले बेव्हल गियर बदलायचे, नवं सिलिकॉन तेल भरायचं. तेल फार पातळ असलं तर उचललेलं चाक नुसतंच गरगरतं. आकृती काढून आपण मार्क मिळवतो, पण पेकरचं नाव किती जणांना ठाऊक आहे?